गाडीचं छत बेसने फडफडते? नुसतं शीट चिकटवून नाही भागत

डिक्कीत सबवूफर बसवला, अॅम्प लावला, वायरिंग झाली, पहिलं गाणं लावलं अन् बेसच्या आधी छताचीच फडफड ऐकू आली, हे ज्याच्यासोबत झालं त्याच्यासाठी लिहून राहिलो. माझ्या हॅचबॅकवर हे काम मी दोनदा केलं, कारण पहिल्यांदा चुकलं, अन् इथे बहुतेक पोरं तीच चूक करतात म्हणून नीट सांगतो.

आधी छतावर जोर किती येते ते बघा. गाडीत १४० डेसिबल म्हणजे साधारण २०० पास्कलचा दाब. छत दीड चौरस मीटर धरलं तर ३०० न्यूटन, म्हणजे तीसेक किलोचा धक्का, तोही ४० हर्ट्झच्या नोटवर सेकंदाला चाळीस वेळा वर अन् चाळीस वेळा खाली. अन् पत्रा किती जाड? पाऊण मिलिमीटरच्या आसपास. तो हलणारच ना. तो हलला की बेसची ताकद त्याला हलवण्यातच जाते, अन् तुम्ही अजून मोठा अॅम्प घ्यायला निघता.

आता नेमकं हलते कुठे ते शोधा. फोनमध्ये टोन जनरेटर (ठरावीक हर्ट्झचा आवाज काढणारं अॅप) टाका, ते गाडीच्या सिस्टीमवर वाजवा, २५ पासून ६० हर्ट्झपर्यंत हळूहळू वर जा, अन् छतावर मूठभर कोरडे तांदूळ पसरवा. खरंच करा हे. एखाद्या नोटवर मधले तांदूळ टणाटण उडतात अन् जिथे पत्रा शांत आहे तिथे रेघेत गोळा होतात. माझ्या गाडीत ४३ हर्ट्झला ड्रायव्हरच्या डोक्यामागे ताटाएवढी जागा पूर्ण मोकळी झाली होती, तिथे तळहात दाबला की फडफड बंद, हात काढला की चालू. त्या जागेला वरून मास्किंग टेपने खूण करून ठेवा. कानात इअरप्लग घालूनच हे करायचं, अन् घराजवळ नाही, दवाखाना-शाळेजवळ तर अजिबातच नाही. रहिवासी भागात दिवसा ५५ अन् रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, दवाखाना, शाळा, कोर्टाच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र असते. आवाजाचा शौक आपला आहे, दवाखान्यात पडलेल्या पेशंटचा नाही.

मग लायनिंग, म्हणजे छताचं आतलं अस्तर, उतरवा. बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा अन् दहा-पंधरा मिनिटं थांबा, कारण पिलरमध्ये (छत पेलणाऱ्या खांबांमध्ये) एअरबॅग असू शकते. सनवायझर, हँडल, केबिन लाइट, दरवाज्याचं बीडिंग, पिलरचे कव्हर, अन् शेवटी लायनिंग दोघांनी मिळून मागच्या दरवाज्यातून बाहेर, एकट्याने ओढलं तर मधोमध घडी पडते अन् ती घडी मग जात नाही. छताच्या कडेने कर्टन एअरबॅग (अपघातात खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी) दिसली तर कडेला काहीही चिकटवू नका, तिच्या रस्त्यात एक पट्टीही नको, अशा गाडीत फक्त मधलं काम करायचं.

आत बघाल तर पत्र्याखाली कंपनीच्या आडव्या पट्ट्या दिसतील, अन् पट्टी अन् पत्र्याच्या मध्ये गमचे ठिपके. जुन्या गाडीत नागपूरच्या उन्हाने हा गम सुकून सुटलेला असते. माझ्या गाडीत मधल्या पट्टीचे सहापैकी चार ठिपके सुटले होते, पट्टी अन् पत्र्यात पोस्टकार्ड आरामात सरकायचं. अर्धी फडफड इथलीच! जुना गम खरवडा, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, पॉलियुरेथेन सीलंट भरा. एपॉक्सी नको, ते कडक होते अन् उन्हात पत्रा फुगला की वरून पेंटवर खड्डे दिसतात. हे सीलंट हवेतल्या ओलाव्याने वाळते, त्यामुळे मे महिन्याच्या कोरड्या हवेत त्याला जास्त वेळ लागते, गाडीत ओला टॉवेल टांगून ठेवा अन् दोन दिवस गाडी हलवू नका.

त्यानंतर डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर शोषायला चिकटवतात ते. माझी पहिली चूक इथलीच. स्वस्त म्हणून डांबराचं शीट लावलं, दुकानदार म्हणे एकच असते भाऊ सगळं. मे मध्ये ४५ डिग्रीच्या दुपारी गाडी उन्हात उभी होती, संध्याकाळी दार उघडलं तर डांबराचा भपका अन् लायनिंगवर काळे डाग. छताला ब्युटाइल रबराचंच घ्या, २ मिलिमीटरचं, वरून अॅल्युमिनियम फॉइलवालं, अन् रोलरने इतकं दाबा की फॉइलवरचे उठाव सपाट झाले पाहिजे. पण शीटचं काम पत्र्याचा टणत्कार मारणं आहे, पत्रा कडक करणं नाही, म्हणून दोन-तीन थर चढवून फायदा नाही, छतावर वजन मात्र वाढते.

कडकपणा येते तो उंचीने. पत्रा दुप्पट जाड केला तर वाकायला आठपट जड जाते, पट्टीची उंची वाढवली तरी तेच गणित. तांदळाने दाखवलेल्या जागेवरून आडवा जाईल असा अॅल्युमिनियमचा यू चॅनल घ्या, १२ ते १५ मिलिमीटर उंच, त्याहून उंच घेतला तर लायनिंग परत बसत नाही. नागपुरात इतवारीत लोहाओळीकडे चक्कर मारली तर असा माल बघायला भेटते. छताला बाक असते, म्हणून आधी पुठ्ठ्याचा फर्मा कापा अन् फॅब्रिकेशनवाल्याला तो देऊन तसाच बाक काढून घ्या. चॅनलची टोकं दोन्ही बाजूच्या मजबूत कडांवर टेकली पाहिजे (एअरबॅग नसेल तरच), नाही तर चॅनल पत्र्यासोबत नाचते.

पत्रा अन् चॅनलमध्ये ३ मिलिमीटर सीलंट ठेवा अन् वाळेपर्यंत खालून लाकडी टेकू द्या, हलक्या हाताने. टेकू जास्त दाबला का हे कळायला रात्री छतावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा, रेघ सरळ दिसली तर ठीक, वाकली तर टेकू सैल करा. पत्र्याला वेल्डिंग तर बिलकुल नको, पत्रा वाकडा होते, पेंट जळते, अन् पुढच्या पावसाळ्यात तिथूनच गंज. आवाजाच्या स्पर्धेच्या गाड्यांत छताला आतून उभा खांब लावतात, तो रोजच्या गाडीत लावू नका, अपघातात डोकं त्याच्यावरच जाईल. सनरूफवाल्या गाडीत तर काच अन् तिच्या फ्रेमला हात लावू नका, शीटवर थांबा.

लायनिंग लावण्याआधी सगळ्या वायरींना कापडी टेप गुंडाळा, क्लिप नव्या घ्या, अन् परत तांदूळ टाका. माझ्या गाडीत ४३ वर दाणे जागेवरच थोडे थरथरले. नंतर जी खडखड ऐकू येत होती ती मागच्या नंबर प्लेटची निघाली, तिच्यामागे फोम टेपची पट्टी लावली.