मॉरिशसमधलं जंगल किती घटलं, किती वाढलं: मोजायचं कसं

मॉरिशस बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं, आणि दर चौरस किलोमीटरला सहाशेहून जास्त माणसं. इतक्या लहान जागेत जंगलाचा आकडा एका टक्क्याने हलला म्हणजे १,८६५ हेक्टर इकडचे तिकडे झाले. एवढा फरक एकही झाड न तोडता, नुसती व्याख्या बदलली तरी पडतो. म्हणून उपग्रहाचं चित्र उघडण्याआधी जंगल कशाला म्हणणार, ते लिहून ठेवा.

अन्न व कृषी संघटनेची व्याख्या घेतली तर जागा ०.५ हेक्टरहून मोठी, झाडं ५ मीटरहून उंच, छत्र (झाडांच्या शेंड्यांनी झाकलेली जमीन) १० टक्क्यांहून जास्त, आणि पट्टा असेल तर रुंदी २० मीटरहून जास्त हवी. भारतीय वन सर्वेक्षण किमान १ हेक्टर धरतं. ती सवय इथे बाजूला ठेवा. लँडसॅट उपग्रहाच्या चित्रातला पिक्सेल, म्हणजे सर्वांत लहान चौकोन, ३० मीटरचा, म्हणजे ०.०९ हेक्टर. अर्धा हेक्टर भरायला सलग ६ पिक्सेल लागतात. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधल्या 'सीव्ह'ला (लहान तुकडे गाळणाऱ्या साधनाला) ६ हा आकडा द्या आणि ८ बाजूंची जोडणी निवडा. ४ बाजूंची ठेवली तर तिरके गेलेले पट्टे तुटून गळून जातात.

पट्ट्यांकडे खास लक्ष द्या. मॉरिशसच्या कायद्याने नदीकाठी १६ मीटर, लहान नदीकाठी ८ मीटर आणि ओहोळाकाठी ३ मीटर जागा राखीव असते. ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये १६ मीटरची झाडी शेजारच्या उसात मिसळते. एका वर्षी जंगल दिसते, दुसऱ्या वर्षी नाही. हा बदल खोटा आहे. हे पट्टे सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटर पिक्सेलच्या चित्रावरून किंवा हवाई छायाचित्रावरून हाताने आखा, वेगळ्या रकान्यात ठेवा, आणि घ्यायचे तर सगळ्या वर्षांत घ्या, नाहीतर कुठेच घेऊ नका. किनाऱ्यावर ८१.२१ मीटरचा सरकारी पट्टा आहे, त्यातल्या सुरूच्या बनांनाही हाच नियम लावा.

यानंतर ऊस. कोकणातून गेलेल्या आपल्या लोकांनी ज्या मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला, तेच मळे मोजणीत सर्वांत जास्त घोळ घालतात. वाढलेला ऊस उपग्रहाला झाडीइतकाच हिरवा दिसतो, त्यामुळे एका तारखेच्या चित्रावर कधीच विसंबू नका. तोडणी साधारण जून ते डिसेंबर चालते. त्या काळातली सगळी चित्रं घ्या, ढग आणि ढगांच्या सावल्या काढून टाका, आणि दर पिक्सेलचा एनडीव्हीआय (हिरवेपणाचा निर्देशांक) तळापासून दहाव्या शतमकावर, म्हणजे शंभरातले दहा आकडे ज्याच्या खाली असतात तिथे, किती येतो ते बघा. तोडलेलं शेत महिना-दोन महिने तरी उघडं पडतं, तिथे हा आकडा घसरतो. जंगलात घसरत नाही. सर्वांत कमी आकडा मात्र घेऊ नका, कारण सुटलेली एखादी ढगसावली अख्खं जंगल शेतात ढकलते. बुआ शेरीकडचा चहा या गाळणीतून निसटतो. तो वर्षभर हिरवाच असतो आणि उंचीला कमरेइतका. तो हाताने वगळा.

क्षेत्रफळ काढताना नकाशा यूटीएम ४० दक्षिण या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात (सॉफ्टवेअरमधला क्रमांक ईपीएसजी ३२७४०) आणा. अक्षांश-रेखांशात मोजलं की आकडा बिघडतो. मे २००३ नंतरच्या लँडसॅट ७ च्या चित्रांत काळे पट्टे असतात. एकटं चित्र वापरू नका, त्याच मोसमातली अनेक चित्रं एकत्र करा.

नकाशावरचे पिक्सेल मोजून आलेला आकडा हा निकाल नव्हे. तो तपासावा लागतो. समजा, नकाशा जंगल ४०,००० हेक्टर दाखवतो आणि बाकी जमीन १,४६,५००. जंगलात १०० आणि बाहेर २०० ठिपके यदृच्छेने टाका आणि स्पष्ट छायाचित्रावर एकेक तपासा. जंगलातले ८८ खरे निघाले आणि बाहेरचे ४ प्रत्यक्षात जंगल निघाले, तर हिशेब असा:

४०,००० × ०.८८ = ३५,२००
१,४६,५०० × ०.०२ = २,९३०
एकूण ३८,१३० हेक्टर

९५ टक्के खात्रीने यात सुमारे ३,८०० हेक्टर इकडे-तिकडे होऊ शकतात. मग 'दहा वर्षांत हजार हेक्टर घटले' असं दोन नकाशांच्या वजाबाकीतून म्हणता येत नाही. बदल मोजायचा तर 'बदललेली जागा' हा वेगळा गट करून त्यातच किमान ५० ठिपके तपासा.

प्रत्येक घट म्हणजे जंगलतोडही नव्हे. जानेवारी २००२ मधल्या डिना चक्रीवादळासारख्या तडाख्यानंतर झाडं नागडी होतात आणि त्या वर्षी जंगल गेल्यासारखं दिसतं. पुढची दोन-तीन वर्षं बघितल्याशिवाय घट लिहू नका. पठारावरचं पाइन तोडून पुन्हा लावलं, तर जमीन व्याख्येने जंगलच राहते.

शेवटचं काम जमिनीवरच होतं. मॉरिशसचं बऱ्या स्थितीतलं मूळ जंगल २ टक्क्यांहूनही कमी उरलं आहे. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस या राष्ट्रीय उद्यानाच्या उतारांवर चिनी पेरूची जाळी इतकी दाट माजली आहे की वरून अखंड हिरवं छत दिसतं. खाली वाकून पाहिलं तर पेरूच्या बारीक गुळगुळीत खोडांची गर्दी, आणि मध्ये एखादा म्हातारा आबनूस, त्याच्या पायथ्याशी स्वतःचं एकही रोप नाही. उपग्रहाला हा फरक कळत नाही. म्हणून तक्त्यात तीन रकाने ठेवा: मूळ जंगल, परक्या झाडांनी व्यापलेलं, आणि लावलेलं. पहिला रकाना प्रत्यक्ष पाहणीशिवाय भरू नका. आणि पेरू उपटून साफ केलेली जागा वरून विरळ दिसते, तिची नोंद घट म्हणून होणार नाही याची काळजी घ्या.