आरपीएस१९ वर सेमिनार आलाय? मग जीनची माहिती अशी काढा

परभणी-नांदेडकडं एमएस्सीच्या पोरांना सेमिनारला एखादा जीन दिला की पोरं डेटाबेसचं पान उघडतात आन् वरून खालपर्यंत कॉपी मारतात, मग स्लाइडवर येतं "फंक्शन: रायबोसोमचा घटक". अरे पण माणसाच्या रायबोसोममध्ये (पेशीतलं प्रोटीन बनवायचं यंत्र) जवळपास ८० प्रोटीन आहेत, हे वाक्य सगळ्यांनाच लागू पडतंय की, मग तुमच्या जीनचं वेगळं काय सांगितलं? आरपीएस१९ हा रायबोसोमच्या एका प्रोटीनचा जीन, तोच घेऊन दाखवतो.

आधी नाव बघा. आरपी म्हंजे रायबोसोमल प्रोटीन, एस म्हंजे स्मॉल सबयुनिट, रायबोसोमच्या दोन भागांतला लहान, ४०एस वाली. तिथं एल असता तर लार्ज, ६०एस. ४०एस मध्ये ३३ प्रोटीन आन् एकच आरएनए, १८एस. नव्या पेपरात आरपीएस१९ प्रोटीनलाच ईएस१९ लिहितात, गोंधळू नका.

मग एनसीबीआय ह्या अमेरिकन सरकारी डेटाबेसच्या जीन सेक्शनला जा, नाव मध्ये स्पेस न देता टाका आन् होमो सेपियन्स निवडा. जीन आयडी ६२२३ आला की बरोबर जागी आलात. जागा १९ क्यू १३.२ (१९ व्या क्रोमोसोमचा लांब हात), प्रोटीन १४५ अमिनो अ‍ॅसिडचं, एवढं एका ओळीत उरका, ह्यावर दोन स्लाइड घालवू नका राव.

खरी गंमत पुढं आहे. लिस्टमध्ये नावापुढं पी आन् आकडा लावलेले भाऊबंद दिसतील, ते स्यूडोजीन, म्हंजे जीनच्या बहुतेक बिनकामाच्या नकला. रायबोसोमल प्रोटीनचे असले स्यूडोजीन माणसात हजारांनी आहेत, आन् बहुतेकांत इंट्रॉनच (जीनमधले आरएनए बनताना कापून टाकले जाणारे तुकडे) नसतात, म्हंजे दिसायला अगदी सीडीएनए (आरएनए वरून बनवलेला डीएनए) सारखे. म्हणून आरटी-पीसीआरला (आरएनए चा सीडीएनए करून तो वाढवायची टेस्ट) प्रायमर एक्झॉनच्या (शिल्लक राहणारे तुकडे) जोडावर टाकला की सुटलो असं समजू नका, आरएनए मध्ये जरा डीएनए राहिला की तोच वाढतो आन् बँड बी त्याच साइजचा येतो. डीएनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) मारा, आरटी (सीडीएनए बनवणारं एन्झाइम) न टाकलेला कंट्रोल लावा. आन् जीनोमिक डीएनए वरून म्युटेशन बघायचं असंल तर प्रायमर इंट्रॉनमध्ये टाका, तिथं स्यूडोजीन फसवत नाही.

आता फंक्शन. एकच प्रश्न विचारा, हे प्रोटीन निम्मं झालं तर काय अडतं? आरपीएस१९ कमी पडलं की १८एस आरएनए ची काटछाट मधीच अडकते, ४०एस पुरेसे तयार होत नाहीत, मग सुटे पडलेले लार्ज सबयुनिटचे आरपीएल५, आरपीएल११ जाऊन एमडीएम२ ला (पी५३ ला दाबून ठेवणारं प्रोटीन) धरतात आन् पेशीची वाढ थांबवणारा पी५३ वाढतो. ह्याचा सगळ्यात जास्त दणका लाल पेशी बनवणाऱ्या पेशींना बसतो. डायमंड-ब्लॅकफन अ‍ॅनिमिया तो हाच, १९९९ ला त्याचा पहिला जीन सापडला तो आरपीएस१९, आन् साधारण चौथा हिस्सा पेशंटमध्ये हाच बिघडलेला असतो. दोनातली एक कॉपी गेली तरी आजार होतो, हे नक्की लिहा, व्हायवाला सर हेच विचारतात.

फक्त आपल्याकडं दिसणाऱ्या अ‍ॅनिमियाशी हे जोडून मोकळे होऊ नका. आपल्याकडं बहुतेक वेळा लोह कमी असतं आन् त्यात लाल पेशी बारीक होतात, ह्यात त्या उलट मोठ्या असतात, आन् हा आजार लई दुर्मिळ आहे, बहुतेक पहिल्या वर्षातच कळतो.

शेवटी क्लिनव्हारमध्ये (एनसीबीआयचाच म्युटेशन आन् आजारांचा डेटाबेस) जीनचं नाव टाकून एखादं पॅथोजेनिक, म्हंजे आजार करणारं, म्युटेशन निवडा आन् ते १४५ अमिनो अ‍ॅसिडपैकी कुठं पडतं ते चित्रावर दाखवा.