अडखळणारं गाणं पुसू नका

पक्ष्यांच्या गाण्याचा अभ्यास सुरू करणारे बरेच जण खणखणीत, पूर्ण गाणं जपतात आणि तरुण पक्ष्याची गुणगुण 'खराब' म्हणून डिलीट करतात. शिकणं मात्र त्या गुणगुणीतच दिसतं.

पिल्लू आधी नुसतं ऐकतं. झेब्रा फिंच या छोट्या गाणाऱ्या पक्ष्यात ऐकून लक्षात ठेवण्याचा काळ अंड्यातून बाहेर आल्यापासून साधारण 25व्या ते 65व्या दिवसापर्यंत असतो. सराव 35व्या दिवसाच्या आसपास सुरू होतो आणि 90व्याच्या सुमारास गाणं पक्कं होतं. सुरुवातीचे सूर बारीक, विस्कळीत असतात. पुढे ओळखू येणारे तुकडे येतात, पण त्यांचा क्रम बदलत राहतो. या काळात पिल्लू स्वतःचा आवाज लक्षात राहिलेल्या गाण्याशी ताडून पाहतं. पक्ष्यांच्या गाण्याचे संशोधक मासाकाझू कोनिशी यांनी 1965 साली हेच दाखवलं: सरावाआधी ऐकू येणं बंद झालेल्या अमेरिकन चिमण्या, आधी गाणं ऐकलेलं असूनही, नीट गाऊ शकल्या नाहीत.

मुंबईत दयाळापासून सुरुवात करा. कोकीळ नको, कावळ्याच्या घरट्यात वाढूनही तो कोकिळेसारखाच ओरडतो, कारण त्याचा आवाज उपजत असतो. आरे किंवा राष्ट्रीय उद्यानात उजाडताच जा, ठिपकेदार छातीचा तरुण दयाळ शोधा. गुणगुणताना चोच जवळजवळ मिटलेली असते, म्हणून गळ्याकडे बघा.

रेकॉर्डिंग 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, डब्ल्यूएव्हीमध्ये (आवाज न दाबता साठवणाऱ्या फाईलमध्ये) करा. एमपीथ्री नको, त्यात नेमके हलके सूर गळतात. ऑटो गेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणारी सोय, बंदच ठेवा, नाहीतर लोकलचा भोंगा वाजला की पक्ष्याचा आवाज खाली दबतो. सर्वात मोठा सूर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या. अंतर निम्मं केलं तर साधारण 6 डेसिबल मिळतात. गेन वाढवला तर गोंगाटही वाढतो. स्पेक्ट्रोग्रामला (आवाजाच्या चित्राला) 512 नमुन्यांची विंडो घ्या, म्हणजे एका वेळी सुमारे 11 मिलिसेकंदांचा तुकडा. त्याहून खूप मोठी घेतली की जवळजवळचे सूर एकमेकांत मिसळतात. रहदारीची घरघर फिल्टरने काढायची तर कॉपीवर काढा, मूळ फाईल तशीच ठेवा.

सगळ्यात मोठी घसरण निष्कर्षात होते. दोन आठवड्यांनी त्याच फांदीवर गाणारा पक्षी तोच, असं धरून चालू नका. पायातल्या रंगीत कड्यांशिवाय ओळख पटत नाही आणि कडी घालायला परवानगी लागते. 'बापाकडून शिकला' हे तर निव्वळ मैदानी नोंदींवरून म्हणताच येत नाही. मार्च ते जुलै विणीच्या दिवसांत मोबाईलवर गाणं वाजवून नराला बोलावू नका; तो घरटं सोडून भांडायला येतो.