खाजगी तुरुंगांवर प्रबंध लिहिणार असाल तर आधी करार वाचा

तुरुंग चालवायचं काम खाजगी कंपन्यांना द्यावं का, या प्रश्नावर मी प्रबंध लिहिला. हा विषय घेणारे बहुतेक विद्यार्थी खर्चाच्या तुलनेपासून सुरुवात करतात. ते तक्ते सध्या बाजूला ठेवा. कंपन्यांकडे बरेचदा धडधाकट, कमी जोखमीचे कैदी जातात. म्हातारे, आजारी आणि सांभाळायला अवघड असलेले सरकारकडे उरतात. मग माणशी खर्च शेजारी शेजारी मांडून काय सिद्ध होणार?

करार वाचा. भाषा रुक्ष असते, परिशिष्टं संपता संपत नाहीत, पण पैसे नेमके कशाचे मिळतात ते तिथेच कळतं. अमेरिकेत सहसा दर कैद्यामागे रोजचा दर ठरलेला असतो. काही करारांत त्यावर आणखी एक अट असते: ८० ते १०० टक्के खाटा भरलेल्या राहतील, न भरल्यास रिकाम्या खाटांचेही पैसे सरकार देईल. म्हणजे गुन्हे घटले, कैदी कमी झाले, तरी बिल तेवढंच. सरकारने स्वतःहून अशा कागदावर सही करावी याचा मला आजही संताप येतो.

दुसरं, अधिकार कोणाच्या हातात आहे ते शोधा. ब्रिटनच्या १९९१ च्या फौजदारी न्याय कायद्यात कैद्याच्या शिस्तभंगाची सुनावणी घेण्याचा अधिकार कंपनीच्या संचालकाला नव्हता. त्यासाठी तुरुंगात सरकारचा कंट्रोलर नेमलेला असे. २००७ च्या कायद्याने ही अट काढून टाकली. माझ्या मते वादाचं मर्म इथेच आहे. कैद्याला कोणती शिक्षा द्यायची हे नफा कमावणाऱ्याने ठरवता कामा नये. जेवण, धुलाई, इमारतीची देखभाल कंपनीकडे आणि पहारा सरकारी कर्मचाऱ्यांकडे, अशी फ्रान्समधली विभागणी मला त्यातल्या त्यात पटते.

इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये खाजगी तुरुंगाचा कायदाच रद्द केला. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीच्या ताब्यात माणसाला देणं हाच त्याच्या स्वातंत्र्याचा आणि प्रतिष्ठेचा भंग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. अध्यक्षा डोरित बेनिश यांचं निकालपत्र सलग वाचा. न्या. एडमंड लेवी यांचं विरोधी मतही सोडू नका, तोंडी परीक्षेत प्रश्न त्याच बाजूने येतात.

प्रत्यक्ष कारभारासाठी ब्रिटनच्या तुरुंग निरीक्षकांचे अहवाल घ्या, कारण ते सरकारी आणि खाजगी तुरुंगांना एकच मोजपट्टी लावतात. बर्मिंगहॅमचा तुरुंग २०११ पासून जी४एस कंपनीकडे होता. ऑगस्ट २०१८ मध्ये निरीक्षकांना तिथे मारामाऱ्या, अमली पदार्थ आणि कार्यालयाला आतून कुलूप लावून बसलेले कर्मचारी आढळले, आणि सरकारने कारभार हाती घेतला. मात्र सरकारी तुरुंगांवरचे कडक शेरेही त्याच बारकाईने वाचा. ते गाळलेत तर तुमचा प्रबंध एकतर्फी होईल.

सुटून आलेल्या माणसांच्या मुलाखती घेणार असाल तर मत विचारू नका. तक्रार कोणाकडे केली आणि उत्तर कोणाच्या सहीने आलं, एवढं विचारा.