केजला बसून आयर्लंडची काउंटी लीग कशी बघावी

भाची नर्स म्हणून आयर्लंडमधल्या गॉलवेला गेली. पहिल्याच हिवाळ्यात तिनं फोनवर सांगितलं, "मामा, इथं फुटबॉल हातात घेऊन पळतात." तीस वर्षं पीटी शिकवलेल्या माणसाला असं काही सांगू नये. तेव्हापासून दर जानेवारीला मी गेलिक फुटबॉलची लीग धरून बसतो. कुणाला करायचं असेल तर माझी पद्धत सांगतो.

आधी वही घ्या. मोबाइलवर तक्ते तयार मिळतात, पण हातानं लिहिल्याशिवाय ही लीग डोक्यात बसत नाही. मी हजेरीचं जुनं रजिस्टर वापरतो, त्यात चौकोन आयते असतात. सुरुवातीला आयर्लंडची नावं लिहू नका. आपले आठ जिल्हे लिहा: छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव. उभे आठ, आडवे आठ. प्रत्येक जिल्ह्यानं उरलेल्या सातांशी एकेकदाच खेळायचं, म्हणजे एकूण सामने 28. जिंकला तर 2 गुण, बरोबरी झाली तर 1. वरचे दोन जिल्हे वरच्या वर्गात, खालचे दोन खालच्या वर्गात. झाली एक डिव्हिजन! तिकडं अशा चार आहेत. आता जिल्हे खोडा आणि काउंट्या, म्हणजे तिकडचे जिल्हे, लिहा. 2025 ला पहिल्या डिव्हिजनमध्ये डब्लिन, केरी, मेयो, गॉलवे, डोनेगॉल, डेरी, टायरोन आणि आरमा होते. सात सामने असल्यामुळं घरचं मैदान कुणाला चारदा मिळतं, कुणाला तीनदाच. म्हणून प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात 'घ' (घरचं) किंवा 'प' (परक्याचं) लिहून ठेवा, मार्चमध्ये कामाला येतं.

चार आठे बत्तीस, आणि आयर्लंडच्या काउंट्याही बत्तीसच, म्हणून मी पहिल्या वर्षी खुश झालो होतो. पण हिशेब तसा नाही. किल्केनीवाले काठी-चेंडूच्या हर्लिंगचे भक्त, ते या लीगमध्ये उतरतच नाहीत. बत्तिसावा संघ लंडनचा, तिकडं पोटासाठी गेलेल्या आयरिश माणसांचा. आपल्या पुण्यातल्या पोरांनी मराठवाड्याच्या लीगमध्ये संघ उतरवावा, तसं.

आता स्कोअर. इथं सगळे फसतात, मीही फसलो. गोलपोस्ट रग्बीसारखा उंच असतो, खाली जाळी. चेंडू आडव्या दांड्याखालून जाळीत गेला तर गोल, त्याचे 3. दांड्यावरून दोन खांबांमधून गेला तर 1 पॉइंट. स्कोअर लिहितात असा: 2-8. म्हणजे दोन गोल, आठ पॉइंट, एकूण 14. समोरच्याचे 0-15 असतील तर तो एकही गोल न करता जिंकला. मी पहिले दोन आठवडे नुसता डावा आकडा बघून विजेते लिहीत होतो, निम्मा तक्ता उलटा. म्हणून डावा आकडा तिनानं गुणा, उजवा मिळवा आणि बेरीज लाल शाईनं लिहा. 2025 पासून 40 मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या पॉइंटचे 2 मिळतात, पण ते उजव्या आकड्यातच मिसळलेले असतात, वेगळे शोधत बसू नका.

मैदानावर पंधरा-पंधरा गडी, 35 मिनिटांचे दोन डाव. चेंडू हातात घेऊन चार पावलं, मग तो आपटायचा किंवा पायाच्या बोटांवर मारून परत हातात घ्यायचा. लागोपाठ दोनदा आपटता येत नाही. एवढं कळलं की सामना बघता येतो, बाकीचं बघता बघता कळतं.

वेळेचं मात्र नीट ऐका. हिवाळ्यात आपण त्यांच्या साडेपाच तास पुढं. रविवारी दुपारी दोनचा सामना आपल्याकडं साडेसातला, जेवता जेवता बघावा असा. शनिवारी संध्याकाळी सातचा म्हणजे आपल्या रात्रीचे साडेबारा, तो मी सोडून देतो आणि सकाळी स्कोअर लिहितो. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते घड्याळ एक तास पुढं करतात, तेव्हा फरक साडेचार तासांचा होतो. 2025 ची केरी-मेयो फायनल नेमकी त्याच दिवशी, 30 मार्चला होती. मी आरामात चहा घेऊन बसलो, तर दुसरा डाव निघालेला! भाची म्हणाली, "मामा, मी सांगितलं होतं." सांगितलं होतं, खरं आहे.

एक संघ आपला म्हणून धरा, आणि केरी धरू नका. ही लीग सगळ्यांत जास्त वेळा जिंकलेला संघ तोच, त्यात जीव टांगणीला लागत नाही. पहिली लीग 1925-26 ला लीश काउंटीनं जिंकली. आमच्याकडं तेव्हा निजाम होता. आज लीशचं नाव पहिल्या डिव्हिजनच्या यादीत सापडत नाही. मी लेट्रिम धरला. आयर्लंडमधली सगळ्यांत कमी लोकवस्तीची काउंटी. 2025 च्या हंगामाच्या सुरुवातीला त्यांच्याकडं खेळायला पुरेसे गडी नव्हते, फर्माना काउंटीविरुद्धचा सामना सोडून द्यावा लागला. हे वाचलं आणि मला आमच्या शाळेची कबड्डीची टीम आठवली. दिवाळी झाली की निम्मी लेकरं आईबापामागं ऊसतोडीला जायची. यादीत नावं बारा, मैदानावर पाच. तिकडं कुणाला विकत घेऊन गडी भरता येत नाहीत. लिलाव नाही, खेळायचा पगार नाही, जो तो आपल्या काउंटीसाठी खेळतो आणि सोमवारी कामावर जातो.

पाचवी फेरी झाली की खरी मजा. सातही फेऱ्या मिळून एका डिव्हिजनमध्ये एकूण गुण 56, म्हणजे संघामागं सरासरी सात. आपला संघ चार गुणांवर असेल तर उरलेले चौकोन बघा, 'घ' किती, 'प' किती. दोन संघ सारख्या गुणांवर अडकले तर त्यांच्यातला आपसातला सामना बघतात. तीन अडकले तर केलेल्या आणि खाल्लेल्या स्कोअरमधला फरक. म्हणून ती लाल बेरीज. शेवटच्या फेरीत एका डिव्हिजनचे सामने सहसा एकाच वेळी सुरू होतात, तेव्हा एक सामना पडद्यावर आणि बाकी तीन सामन्यांचे स्कोअर पेन्सिलनं. वरच्या दोघांची फायनल होते. पण मी तक्त्याच्या तळाकडंच बघत असतो, तिथं एका पॉइंटनं माणसं रडतात.

फायनल झाली की नवीन पान काढा. चारही याद्या पुढच्या जानेवारीसाठी लिहा, चढलेल्यांपुढं वर बाण, उतरलेल्यांपुढं खाली. लेट्रिमचं नाव मी पेन्सिलनं लिहितो.