रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय घरच्या प्रार्थनेत कसा घ्यायचा, लोक न झोपता

कॉटेज मीटिंगमध्ये, म्हंजे कोणाच्या तरी घरी जमून होणाऱ्या प्रार्थनेत, बायबलचं वचन समजावून सांगायची पाळी लागते आणि आपली पाळी आली की नेमका बायबलमधल्या, प्रेषित पौलानं लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय निघतो, माझ्या बाबतीत असं दोनदा झालंय. पहिल्यांदा घोरपडीला एका घरी मी चाळीस मिनिटं बोललो, आदाम, मोशेचं नियमशास्त्र, पाप, कृपा सगळं एका दमात, आणि समोरचे अंकल पंख्याखाली शांत झोपले होते, त्यांच्या मिसेस त्यांना कोपरानं ढोसत होत्या. दुसऱ्यांदा जरा बरं जमलं. काय बदललं ते लिहितो, कोणाला उपयोग झाला तर बघा.

पहिलं म्हंजे सगळा अध्याय घेऊ नका. फक्त १२ ते २१ वचनं. दोघांना वाचायला सांगा, एकानं आदामाची वाक्यं वाचायची, दुसऱ्यानं ख्रिस्ताची, कारण पौल इथे सारखा तराजू करतो, एका माणसामुळे हे झालं तर एका माणसामुळे ते. सगळ्यांना पेन्सिल द्या आणि "एक" शब्द दिसेल तिथे गोल करायला लावा. पोरं यात लगेच घुसतात, मोठ्यांना पण मजा येते फक्त ते दाखवत नाहीत. मग जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून मध्ये रेघ मारा. डावीकडे आदामाची एदेन बाग, उजवीकडे गेथशेमाने, ती पण बागच, ख्रिस्तानं मरणाच्या आदल्या रात्री प्रार्थना केली ती. डावीकडे सगळ्या झाडांची मोकळीक, एकच झाड नको सांगितलेलं, आणि तेच खाल्लं. उजवीकडे रात्र, मित्र झोपलेले, समोर मरण, आणि तरी "माझी इच्छा नको, तुझी होवो". हे त्यांनाच बोलू द्या, तुम्ही फक्त लिहा.

आता खरा मुद्दा १९ व्या वचनात आहे, एकाच्या आज्ञाभंगानं पुष्कळ जण पापी ठरले, तसे एकाच्या आज्ञापालनानं पुष्कळ जण नीतिमान ठरतील, आणि तो आपल्या मराठीत सोपा आहे. आज्ञाभंग आणि आज्ञापालन हे शब्द जड वाटतात, शाळेच्या शिस्तीसारखे. पण मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे "ऐकणे" हाच धातू आहे. आज्ञापालनाला हुपाकोए, म्हंजे खाली राहून ऐकणं, आणि आज्ञाभंगाला पाराकोए, म्हंजे बाजूनं ऐकणं, सरळ आपलं कानाआड करणं. आपली आई "माझं ऐक" म्हणते तेव्हा तिला कान तपासायचे नसतात ना, ऐकणं म्हंजेच वागणं. म्हणून पाप काय हे सांगताना चोरी, दारू, खोटं बोलणं अशी यादी करू नका, यादी केली की प्रत्येक जण यादीत शेजाऱ्याला शोधतो. पाप म्हंजे ज्यानं आपल्याला घडवलं त्याचं कानाआड करणं, एवढं म्हणा आणि थांबा. थोडा वेळ कोणी काही बोलत नाही, तो वेळ भरून काढू नका.

१३ व्या वचनात लोक अडकतात, नियमशास्त्राच्या आधी पण पाप होतं पण ते हिशेबात धरलं जात नव्हतं, हे काय गौडबंगाल. मी आमच्या सोसायटीचं उदाहरण देतो. गेटसमोर लोक गाड्या लावायचेच, अडचण रोजचीच होती, रिक्षा आत वळायची नाही, पण भांडायचं कशावरून, कुठे लिहिलंय? मग सेक्रेटरींनी पाटी लावली, येथे वाहन लावू नये. आता पुण्यात पाटी लावली म्हणून कोण ऐकतं, दुसऱ्या दिवशी बरोब्बर पाटीखाली एक स्कूटर. पण फरक पडला, आता ती नुसती अडचण राहिली नाही, लेखी सांगितलेलं मोडलं होतं. २० व्या वचनात पौल हेच म्हणतो, नियमशास्त्र आलं आणि अपराध वाढला. पाटी गाडी हलवत नाही, गाडी कुठे लावलीय ते दाखवते.

यानंतर कोणीतरी विचारणारच, बहुतेक कॉलेजचा मुलगा, की आदामानं खाल्लं तर मी का भरू? हा प्रश्न दाबू नका, खरा आहे. माझं उत्तर सातबाऱ्याचं. आजोबांनी कर्ज काढलं, उताऱ्यावर बोजा चढला, आजोबा गेले, जमीन वारसांना आली ती बोज्यासकट आली. नातू म्हणेल मी तर सही केली नाही, पण बोजा उताऱ्यावर आहे तो आहे. आणि १२ वं वचन पुढे म्हणतं की सगळ्यांनीच पाप केलं, म्हंजे वर आपण आपल्या नावावर पण थोडं काढलेलंच आहे, तेव्हा फार तावातावानं बोलण्यात अर्थ नाही. आता समजा दुसऱ्या कोणीतरी येऊन सगळं फेडलं. बोजा उतरला. पण पौल तिथे थांबत नाही, फेडणाऱ्यानं आपलं नाव स्वतःच्या उताऱ्यावर चढवून घेतलं असं तो म्हणतो, पुढे आठव्या अध्यायात सरळ शब्दच आहे, ख्रिस्ताचे सोबतीचे वारस. गावाकडे जमीन असलेले लोक इथे सरसावून बसतात, फेरफार नोंदीसाठी किती चकरा माराव्या लागतात हे त्यांना माहीत असतं.

पुण्याचं एक उदाहरण आहे पण जपून वापरा. गुरुवार पेठेत पवित्र नाम देवळापाशी, म्हंजे चर्चपाशी, पंचहौद मिशन, तिथे १८९० मध्ये चहा झाला, पुण्यातली बडी मंडळी गेली होती, मिशनऱ्यांकडचा चहा म्हणून शहरात केवढं ग्रामण्य, म्हंजे वाळीत टाकण्याचा वाद, झालं, रानडे आणि टिळक दोघांची नावं त्यात होती आणि शेवटी दोघांनाही प्रायश्चित्ताचा विषय निस्तरावा लागला. प्रायश्चित्तात चुकलेल्यानं स्वतः भरायचं असतं, हे आपल्या सगळ्यांच्या हाडात मुरलंय, आपल्या पण, चर्चमध्ये जाणाऱ्यांच्या. दोन उपवास जास्त धरू म्हंजे देव विसरेल. रोम ५ मध्ये भरणारा दुसरा आहे. एवढ्यासाठीच ते उदाहरण, कोणाला टोमणा मारायला नाही, मीटिंगला सुनेचे आईवडील, शेजारी असे सगळे बसलेले असतात.

मग १९ व्या वचनातलं "नीतिमान ठरतील". इथे मी पहिल्यांदा कोर्ट, जज, निकाल असं बरंच सांगितलं होतं, ते चूक नाही, शब्द कोर्टातलाच आहे, पण कोर्ट म्हटलं की आपल्या लोकांना तारीख आठवते. दुसऱ्या वेळी वानवडीला एका काकूंनी माझं काम केलं. त्या आत कांदा चिरत होत्या, पोहे करायचे होते, तिथूनच म्हणाल्या, "ठरणं म्हंजे लग्न ठरणं तसं का?" मी म्हटलं कसं काय. तर म्हणाल्या, "माझं ठरलं तेव्हा मला भाकरी पण येत नव्हती हो. थापली की तुटायची. पण ठरलं ते ठरलं, त्या दिवसापासून सासरे मला सूनबाईच म्हणायचे. भाकरी नंतर आली." विळी तशीच पुढे टाकून त्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी माझे कागद मिटले. आधी ठरणं आणि मग भाकरी, हा क्रम उलटा केला की सगळं पत्रच उलटं होतं.

दोन गोष्टींची तयारी ठेवा. एक, कोणीतरी बायबलमधलंच याकोबाचं पत्र काढेल, दुसरा अध्याय, माणूस कृतींनी नीतिमान ठरतो. घाबरू नका, अब्राहामाच्या गोष्टीतला क्रम दाखवा. पौल उत्पत्ती १५ (बायबलचं पहिलं पुस्तक) धरतो, अब्राहामानं विश्वास ठेवला आणि ते नीतिमत्त्व म्हणून गणलं गेलं, तेव्हा त्याचा मुलगा इसहाक जन्मला पण नव्हता. याकोब उत्पत्ती २२ पुढे करतो, इसहाक मोठा झाल्यावर अब्राहामानं त्याला बळी द्यायला वेदीपाशी नेलं ते. म्हंजे पौल ठरल्या दिवसाचं बोलतोय, याकोब बऱ्याच वर्षांनंतरच्या भाकरीचं.

दोन, घरात कॅथलिक सून किंवा जावई असेल तर "तुमच्यात कर्मांनी तारण" असं पटकन म्हणून टाकू नका. त्यांची शिकवण अशी की देव नुसतं ठरवत नाही, कृपेनं माणसाला आतून नीतिमान करतो पण, आणि सुरुवात देवाच्या कृपेनंच होते. १५४७ मध्ये कॅथलिक मंडळीच्या ट्रेंटच्या परिषदेनं हे मांडलं. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या आउग्सबुर्गमध्ये लुथरन (मार्टिन ल्यूथरच्या परंपरेतले प्रोटेस्टंट) आणि कॅथलिक मंडळींनी या विषयावर एकत्र निवेदनावर सह्या केल्या, सगळे फरक मिटले नाहीत पण एकमेकांवरचे जुने शाप आजच्या शिकवणीला लागू नाहीत असं ठरलं. जेवणाच्या टेबलावर एवढं पुरतं.

आणि हे सगळं ऐकूनही ज्यांना "मला आतून तसं काही वाटत नाही" असं होतं त्यांना पंडिता रमाबाईंचं सांगा. १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, आणि त्यांनी स्वतः नंतर लिहिलंय की धर्म मिळाला होता पण ख्रिस्त सापडायचा होता, त्याला पुढे आठेक वर्षं गेली. केडगावला मुक्ती मिशन उभं करणाऱ्या, अख्खं पवित्र शास्त्र मूळ भाषांवरून मराठीत आणणाऱ्या बाईला वेळ लागला, तर आपल्याला पण लागेल.

वेळ संपत आली की सहाव्या अध्यायाचं पहिलं वचन फक्त वाचून सोडा. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, हा प्रश्न पौल स्वतःच विचारतो, आणि तो कॉलेजचा मुलगा तोच विचारायला तोंड उघडत असतो. त्याला सांगा, पुढच्या शुक्रवारी तुझी पाळी. आमच्याकडे तो खरंच आला, बापाचा चष्मा लावून, आणि सोळाव्या वचनापर्यंत पोचला, ज्याचं ऐकता त्याचे तुम्ही दास. पोहे त्या दिवशी जरा गार झाले.