मावशींना काम सांगताना: वॉर्डमधल्या सिस्टरसाठी

रात्रपाळीला वॉर्डात सिस्टर एक, मदतीला एक मावशी, असले तर एखादे मामा. काम वाटून द्यावंच लागतं. ओव्हर (आधीच्या पाळीच्या सिस्टरकडून वॉर्डचा ताबा आणि माहिती) घेतल्यावर एकदा प्रत्येक बेडपाशी जाऊन या आणि मगच वाटणी करा. पेशंट न बघता काम सांगितलं की चुकीचं काम चुकीच्या माणसाकडे जातं. काम मावशींकडे गेलं तरी त्याचं उत्तर सिस्टरलाच द्यावं लागतं.

औषध, इंजेक्शन, रक्त, ऑक्सिजनचा फ्लो, राईल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) जागेवर आहे का हे पाहणं, ऑपरेशनहून आलेल्या पेशंटची पहिली तपासणी, यातलं काहीही मावशींना सांगायचं नाही. रक्त लावल्यावर पहिली 15 मिनिटं तर तुम्हीच बेडपाशी थांबा. सलाईनपाशी बऱ्याच चुका होतात. ‘संपली की बंद करा’ असं सांगितलं की कुणीतरी लवकर संपावी म्हणून वेग वाढवतं, नाहीतर सलाईन संपून सुईत रक्त गोठतं. ‘संपत आली की हाक मारा’ एवढंच सांगा.

स्पंजिंग (ओल्या फडक्याने अंग पुसणं), बेडपॅन, दर 2 तासांनी कूस बदलणं, भरवणं ही कामं सोपवता येतात, पण पेशंट बदलला की तेच काम बदलतं. मणक्याला मार लागलेल्याची कूस एकट्या मावशींनी बदलायची नाही. तिथे तीन-चार जण लागतात आणि डोकं-मान सिस्टरने धरायची. अर्धांगवायूचा झटका आलेल्याला गिळता येतं का हे तपासल्याशिवाय घासभरही भरवायचं नाही, कारण अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं.

‘7 नंबरकडे लक्ष ठेवा’ याला सूचना म्हणत नाहीत. असं सांगा: ‘मावशी, 7 नंबरच्या आजोबांची युरोबॅग (लघवीची पिशवी) आत्ता 10 वाजता रिकामी करा, परत 12 वाजता करा. दोन्ही वेळा मापात ओता, आकडा मला सांगा. 12 वाजता 60 मिलीपेक्षा कमी भरली, किंवा कधीही लाल दिसली, तर फेकू नका, मला दाखवा.’ साधारण 60 किलोच्या माणसाला तासाला निदान 30 मिली लघवी व्हायला हवी, म्हणून 2 तासांचा हा आकडा. मावशींना आकडे वाचता येत नसतील तर मापाच्या भांड्यावर 60 च्या रेघेला चिकटपट्टी लावून द्या. पिशवीवरच्या रेघांवर विसंबू नका, त्या अंदाजाच्याच असतात. पिशवी कमरेच्या वर उचलायची नाही आणि तिची तोटी भांड्याला टेकवायची नाही, हेही सांगा. मग काय करणार ते त्यांच्याकडूनच वदवून घ्या. ‘मला जमणार नाही’ म्हणाल्या तर रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी त्या न विचारता करून टाकतील.

शिकाऊ मुलींना इन्सुलिन भरायला सांगत असाल तर शेजारी उभ्या राहा. आपल्याकडे 40 आणि 100 युनिटच्या (म्हणजे 1 मिलीत तेवढे युनिट असलेल्या) दोन्ही बाटल्या असतात. 40 च्या सिरिंजचं टोपण लाल, 100 च्या सिरिंजचं केशरी. 100 ची बाटली 40 च्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरली तर पेशंटला 20 नव्हे, 50 युनिट जातात.

मावशींना निदान सांगायची गरज नसते. सगळ्याच पेशंटना हात लावताना मावशींनी ग्लोव्हज घालायचे, म्हणजे कुणाला काय आहे हा प्रश्नच येत नाही. एचआयव्हीबाबतची गुप्तता तर 2017 च्या कायद्यानेच बंधनकारक आहे. बेडवर चिठ्ठी लावणं सरळ चूक आहे. स्पंजिंगला पडदा ओढलाच पाहिजे. पेशंट नको म्हणाला तर मावशींनी जबरदस्ती करायची नाही, येऊन सांगायचं; नको म्हणण्यामागे बहुधा दुखणं किंवा लाज असते. आणि मावशी कमी आहेत म्हणून सक्शनसारखी (नळीने कफ ओढून काढण्यासारखी) कामं नातेवाइकांच्या गळ्यात घालू नका.

लघवीचा आकडा कळला की चार्टवर लगेच लिहा, आधी कधीच नाही. कूस बदलली अशी नोंद करताना स्वतः जाऊन पाठ, माकडहाड आणि टाचा बघा. दाबल्यावरही लाली जात नसेल तर बेडसोअरची (पडून राहून होणाऱ्या जखमेची) सुरुवात आहे. सकाळी ओव्हर बेडपाशी द्या, कुठलं काम कुणाकडे दिलं आणि त्यातलं काय राहिलं हे मावशींसमोरच सांगा.